जुन्या संगणकाला कोणती रॅम चालेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीचे प्रवेश आटोपले की फोंड्यातल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर जुन्या मशीनांची रांग लागते. दादाचा लॅपटॉप धाकटीला द्यायचा असतो, नाहीतर देवस्थानाच्या समितीचा हिशेब सांभाळणारा पीसी कण्हायला लागलेला असतो. ‘मशीन स्लो जालां, रॅम घाल’ हे वाक्य ठरलेलं. रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं मांडून ठेवायची मशीनची मेमरी. ती बसवायला दोन मिनिटं पुरतात. पण कोणती बसवायची याच्या घोळात लोक एकाच कामासाठी दोनदा पैसे मोजतात. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून काढले. त्याआधी एक सवय लावून घ्या: काहीही विकत घेण्यापूर्वी आतली जुनी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बाहेर काढा आणि तिच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो घ्या. खालची निम्मी उत्तरं त्या फोटोतच असतात.

रॅम वाढवली की मशीन नक्की जलद होईल का?

नेहमीचं काम सुरू असताना टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा पाहा. तो ८५-९० टक्क्यांना टेकलेला असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज थोडा माल हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. या ये-जा करण्यातच मशीन अडकतं. अशा वेळी ४ जीबीची ८ केली तर फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पण मेमरी ५० टक्क्यांवर आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर दुखणं वेगळं आहे. मग आधी जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांवर माल ठेवणारी जलद डिस्क, बसवा. रॅम मागायला आलेल्या कितीतरी जणांना मी एसएसडी घ्यायला लावून परत पाठवलंय. तेव्हा त्यांना पटत नाही, आठवड्याने पटतं.

किती जीबी घेऊ?

मराठी टायपिंग, टॅली, बँकेची साइट, मुलांचे यूट्यूब क्लास एवढंच असेल तर ८ जीबी पुष्कळ झाली. नाटकाचे बॅनर किंवा लग्नपत्रिका फोटोशॉपमध्ये करत असाल, किंवा ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे ठेवायची खोड असेल, तर १६. दहा वर्षं जुन्या मशीनमध्ये त्यापुढे जाऊ नका.

माझ्या मशीनला कोणत्या पिढीची रॅम लागते?

डीडीआर हे रॅमच्या प्रकाराचं नाव, पुढचा आकडा पिढीचा. डीडीआर२ला डीडीआर३चा स्लॉट चालत नाही आणि डीडीआर३ला डीडीआर४चा चालत नाही. ‘थोडं दाबून बसव’ हा उपाय इथे नाही. प्रत्येक पिढीत स्टिकच्या खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी ठेवली आहे, ती चुकीची स्टिक घुसू नये म्हणूनच.

डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असतात, त्यामुळे पिना मोजून काही कळत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांचंही तसंच, दोघांनाही २८८. लॅपटॉपच्या आखूड स्टिकवर मात्र आकडे वेगळे: डीडीआर२ला २००, डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. व्होल्टेजही उतरत गेलं. डीडीआर२ला १.८ व्होल्ट लागायचे, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२ आणि डीडीआर५ला १.१.

वर्षावरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. डीडीआर३ बाजारात आली २००७ मध्ये आणि डीडीआर४ २०१४ मध्ये. पण म्हणून २०१५ नंतरचं मशीन डीडीआर४चंच असेल असं धरू नका. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला डीडीआर३एल (कमी व्होल्टेजची डीडीआर३) आणि डीडीआर४ दोन्ही चालायच्या, कोणती बसवायची ते मशीन बनवणाऱ्याने ठरवलं. मागे दिसायला जुळे असे दोन लॅपटॉप एकाच दिवशी टेबलावर आले होते, दोघांवर सहाव्या पिढीचं तेच स्टिकर. एकात डीडीआर३एल निघाली, दुसऱ्यात डीडीआर४. इंटेलच्या जी४१ चिपसेटच्या काही जुन्या मदरबोर्डांवर तर डीडीआर२ आणि डीडीआर३ असे दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात, पण एका वेळी एकाच प्रकारची चालते.

झाकण न उघडता कळेल का?

बरंचसं कळतं. विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीवर क्लिक करा. एकूण स्लॉट किती आणि भरलेले किती, तेही तिथे दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असं असेल तर रॅम बोर्डावरच झाळलेली असण्याची शक्यता मोठी. विंडोज ७ असेल तर सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम घ्या. त्यात एसपीडी या टॅबखाली प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकची माहिती येते. तिथे एका गोष्टीला लोक घाबरतात: १६००ची स्टिक मेमरीच्या पानावर ८०० दाखवते. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माल जातो, म्हणून ८००चे १६०० होतात.

तरीही झाकण उघडाच. स्टिकवर काळ्या चिप किती आहेत ते या दोन्ही ठिकाणी सरळ दिसत नाही, आणि पुढे तो आकडा लागणार आहे.

लेबलवरच्या त्या लांबलचक आकड्यांचा अर्थ काय?

समजा लेबलवर छापलंय: ४जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस. इंग्रजी अक्षरांत असतं, पण वाचायचं असंच.

४जीबी म्हणजे क्षमता. ‘२आर’ म्हणजे दोन रँक, म्हणजे चिपचे दोन संच. ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. त्यापुढचा ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेजची, १.३५ची. १२८०० हा दर सेकंदाला जास्तीत जास्त किती मेगाबाइट जातील याचा आकडा. त्याला आठाने भागा, १६०० येतात. तोच तिचा वेग. तसंच १०६०० म्हणजे १३३३, पीसी४-१९२०० म्हणजे २४०० आणि पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. एक दुकानदार १२८०० म्हणतो, दुसरा १६०० म्हणतो आणि गिऱ्हाईक मध्येच गोंधळतं. माल एकच.

शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. ‘एस’ लॅपटॉपची, ‘यू’ डेस्कटॉपची, ‘आर’ सर्व्हरची. छोट्या डब्यासारखे मिनी पीसी आणि पडद्यामागेच सगळं मावणारे ऑल-इन-वन डेस्कटॉप म्हणवून घेतात, पण बहुतेकांत लॅपटॉपचीच आखूड स्टिक लागते.

पीसी३ आणि पीसी३एल: एका अक्षराने काय बिघडतं?

लॅपटॉपमध्ये खूप बिघडतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या, नावाच्या शेवटी ‘यू’ असलेल्या प्रोसेसरांना १.३५ व्होल्टचीच डीडीआर३एल लागते. साधी १.५ व्होल्टची स्टिक त्या स्लॉटमध्ये छान बसते, खटकेही लागतात, आणि स्क्रीन काळीच राहते. हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. चवथीच्या आदल्या आठवड्यात भाच्याच्या लॅपटॉपसाठी ऑनलाइन स्टिक मागवली. जाहिरातीत ‘डीडीआर३ १६०० लॅपटॉप’ एवढंच होतं, आणि ‘एल’ नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. मखर बांधायचं सोडून दोन संध्याकाळी मी लॅपटॉपचा बोर्ड तपासत बसलो. बोर्ड ठणठणीत होता.

उलट मात्र चालतं. डीडीआर३एल स्टिक १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या डीडीआर३ मशीनमध्ये ‘एल’वाली बिनधास्त घाला. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर डोळे झाकून ‘एल’ घ्या.

जुन्या बोर्डात ४ जीबीची स्टिक चालत नाही, तीच शेजाऱ्याच्या पीसीत चालते. असं का?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच, कारण याचं उत्तर फार कमी जण देतात. सरळ ‘बोर्ड खराब’ म्हणून मोकळे होतात.

संगणक स्टिककडून एका वेळी ६४ बिट घेतो. चिप ८ बिटची असेल तर ६४ बिटसाठी आठ चिप लागतात. हा झाला एक रँक. दुसरा रँक लावायचा तर आणखी आठ. आता ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, म्हणून ४ जीबी दोन रीतींनी भरता येते: ४ गिगाबिटच्या आठ चिप लावून, किंवा २ गिगाबिटच्या सोळा चिप लावून. लेबलवर दोन्हीकडे ४ जीबीच लिहिलेलं. पण जी४१सारख्या जुन्या बोर्डांना आणि इंटेलच्या पहिल्या पिढीच्या आय३-आय५ला २ गिगाबिटपेक्षा मोठी चिप ओळखता येत नाही. आठ चिपांची स्टिक घातली की ती अर्धीच दिसते किंवा मशीन सुरूच होत नाही. सोळा चिपांची घातली की सगळं सुरळीत.

म्हणून अशा मशीनसाठी दुकानात गेलात तर ‘दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेली ४ जीबी’ असं मागा. दुकानदार तुमच्याकडे वळून बघेल, पण बरोबर माल देईल.

हीच भानगड वरच्या पायरीवरही आहे. दुसऱ्या पिढीपासून चौथ्यापर्यंतच्या इंटेल मशीनांना ४ गिगाबिटची चिप चालते, म्हणजे एका स्टिकला ८ जीबी ही हद्द. १६ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक निघते, पण तिच्यात ८ गिगाबिटच्या चिप असतात आणि त्या पाचव्या पिढीपासून ओळखल्या जातात. चौथ्या पिढीच्या दोन स्लॉटच्या मशीनमध्ये १६ जीबी हवी असेल तर ८ आणि ८ हाच मार्ग.

ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ अर्ध्या भावात दिसली. घेऊ का?

बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडी’ (इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी) असं कुठे लिहिलंय का ते शोधा. त्या स्टिकवर ८ऐवजी ४ बिटच्या चिप असतात. एएमडीच्या ठरावीक बोर्डांत त्या चालतात, इंटेलमध्ये नाही. तुमचं मशीन एएमडीचं असलं तरी मी त्या वाटेला जाणार नाही.

सर्व्हरची १६ जीबी फार स्वस्त मिळते, ती?

नाही. लेबलवर शेवटी ‘आर’ आणि स्टिकच्या मधोमध एक वेगळी चिप दिसली तर ती ठेवून द्या. साध्या डेस्कटॉपमध्ये ती सुरू होत नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र चालतात का?

बहुतेकदा चालतात. १३३३ आणि १६०० एकत्र घातल्या तर दोन्ही १३३३वर येतात. घाटात पुढच्या ट्रकमागे गाड्या रांगेने चालतात तसं. बोर्डाच्या झेपेपेक्षा वेगवान स्टिक घेतली तरी ती खालीच उतरते: सातव्या पिढीच्या मशीनला २६६६ची दिली तर ती २४००वर चालेल. त्यामुळे जास्त वेगाचे जास्त पैसे मोजू नका. स्वस्त असेल तर खुशाल घ्या.

वेगापेक्षा जोडी महत्त्वाची. दोन्ही चॅनेलमध्ये, म्हणजे रॅमकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर, सारखी क्षमता असली की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम माल उचलतो. ज्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना याचा खास फायदा, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. ४ आणि ८ अशी विजोड जोडी असली तरी इंटेल मशीनात पहिल्या ४-४चं काम जोडीने होतं आणि उरलेल्या ४चं एकेरी. म्हणजे जुनी ४ फेकून देण्याचं काही कारण नाही. चार स्लॉट असतील तर शेजारशेजारच्या दोनांत घालू नका. बहुतेक बोर्डांवर एक सोडून एक अशी जोडी असते, आणि रंग सारखे असतील तर ओळखायला सोपं जातं.

८ जीबी घातली, पण विंडोज ३.४ जीबीच वापरतंय. उरलेली कुठे गेली?

तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. त्याला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात, आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरे मंडळींना द्यावे लागतात. ६४ बिटचं विंडोज नव्याने टाकावं लागेल. आधी फोटो आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे घ्या. विंडोज ७च्या स्वस्त आवृत्त्यांची मर्यादा आणखी वेगळी होती: स्टार्टरला २ जीबी, ६४ बिटच्या होम बेसिकला ८.

माझ्या लॅपटॉपला रॅमचा स्लॉटच दिसत नाही.

मग झाळलेली आहे. मॅकबुक एअर आणि २०१२ पासूनचे रेटिना पडद्याचे मॅकबुक प्रो असेच. त्याच २०१२चा, रेटिना नसलेला १३ इंची प्रो मात्र उघडतो आणि त्यात दोन स्लॉट आहेत. काही पातळ लॅपटॉपमध्ये ४ जीबी झाळलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. तेवढंच नशीब.

बसवताना काय सांभाळायचं? स्टॅटिकचा, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेचा, धोका खरा आहे का?

खरा आहे, पण आपल्याकडे जूनपासून हवाच इतकी ओली असते की उत्तरेतल्या कोरड्या थंडीसारखा झटका क्वचित लागतो. तरी पायाखाली प्लास्टिकची चटई नको, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावून मगच स्टिक धरा, तीही कडांना. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असेल तर काढा, आत असेल तर तिची वायर सोडवा. ही पायरी गाळणारे पस्तावतात.

आमच्याकडची खरी कटकट म्हणजे ओल आणि खारं वारं. किनाऱ्यालगतच्या घरांतल्या मशीनांच्या पिना काळवंडून येतात. मग खोडरबराने घासायची परंपरा आहे. मीही घासलंय, खोटं कशाला बोलू. पण पिनांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा. नाहीच गेलं तर मऊ पांढरं रबर, हलक्या हाताने, आणि चुरा पूर्ण झटकून. वाळूसारखं खरखरीत निळं रबर अजिबात नको. स्लॉटमध्येही टॉर्च मारून बघा. मला आत मुंग्यांचं घर सापडलंय, आणि एकदा पालीची अंडी.

नवी रॅम घातली आणि स्क्रीन काळी. आता?

दहातल्या सात वेळा स्टिक पूर्ण बसलेली नसते. काढा आणि दोन्ही टोकांचे खटके आपोआप लागेपर्यंत दाबून परत बसवा. मग फक्त नवी स्टिक एकटी, मग फक्त जुनी एकटी, मग स्लॉट बदलून. अशाने दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं. तरीही नाही तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून ठेवा, बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, जुन्या सेटिंग पुसल्या जातात. डीडीआर४, डीडीआर५ मशीन नव्या रॅमनंतर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतं, तेव्हा एखादं मिनिट कळ काढा.

मशीन सुरू झालं तरी लगेच खूष होऊ नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घ्या आणि रात्रभर चालू द्या. एक जरी चूक लाल अक्षरांत आली तरी स्टिक परत करा. चतुर्दशीच्या पावसात वीज जाते हे लक्षात घेऊन रात्र निवडा.

वापरलेली रॅम घ्यावी का?

डीडीआर२-डीडीआर३साठी घ्या. रॅम एसएसडीसारखी लिहून लिहून झिजत नाही, आणि चांगली निघाली की बहुधा मशीनपेक्षा जास्त जगते. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून नव्या रॅमचे भाव कडाडलेत, त्यामुळे जुन्याकडे वळण्यात कमीपणा काही नाही. जुनी स्टिक खिशात घेऊन जा, दुकानातच लावून दाखवायला सांगा आणि ‘न चालल्यास परत’ हे बिलावर लिहून घ्या. म्हापशात असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, तोंडी शब्दावर घेतलेली स्टिक परत करायला पुन्हा तेवढाच प्रवास पडतो.

रॅम वाढवली तर विंडोज ११ चालेल का?

रॅमची अट फक्त ४ जीबीची आहे, अडतं ते दुसरीकडे. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि ते रॅमने येत नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन ८ जीबी आणि एसएसडीवर, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून, मजेत चालतं. टॅलीवाल्यांनी मात्र आधी आपल्या हिशेबनिसाला विचारावं.

काढलेल्या जुन्या स्टिकचं काय करू?

वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे कोणी तुमचा डेटा काढेल ही भीती नको. चालू असेल तर नव्या स्टिकच्या करड्या पिशवीत घालून, वर मॉडेल आणि तारीख लिहून कपाटात ठेवा. पुढच्या पावसाळ्यात मशीन परत काळं पडलं की तपासायला सगळ्यात आधी तीच लागते.